जात्यावरच्या ओव्या: ध्वनिमुद्रणापासून इंटरनेटवर टिकवण्यापर्यंत

खेड्यात गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं. जातं आता लग्नघरी हळद दळण्यापुरतं बाहेर निघतं. ज्या बायकांनी रोज दळताना ओव्या म्हटल्या त्या बहुतेक सत्तरीपुढच्या आहेत. आज जवळपास प्रत्येक घरात फोन आहे आणि नातवंडं आजीच्या ओव्या त्यावर टिपतातही. पण त्यातलं फार थोडं टिकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये कोण गातंय, कुठल्या गावची, ओवी कुणाकडून शिकली, यातलं काहीच नसतं. आवाज मिळाला आणि माणूस हरवला, अशी ती गत.

हे काम नीट झालं तर काय उभं राहतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुण्यातून सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने १९९० च्या दशकात त्यांतल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होतो आहे. तो आज वापरता येतो याचं मोठं कारण म्हणजे ओवीसोबत गायिकेचं नाव, गाव आणि विषय टिपलेला होता. एका गावापुरतं, किंवा एकाच आजीपुरतं काम करायचं असलं तरी पद्धत हीच. आधी नोंद, मग प्रसिद्धी.

जाण्याआधी

पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. ही भेट फक्त बोलण्यासाठी. जातं घरात आहे का, ते फिरतं का, कोण कोण जोडीने दळायच्या, हे विचारून घ्या. जातं परसात पडलेलं असेल तर खुंटा सैल झालेला असतो, कधी मधली खीळ गंजलेली असते. ते आधी दुरुस्त करून ठेवा. दगडाला टाकी लावून (छिन्नीने टोचून खरखरीत करून) बरीच वर्षं झाली असतील तर पीठ न पडता भरड पडेल. ध्वनिमुद्रणाला त्याची अडचण नाही. मात्र नव्याने टाकी लावून घेतली तर पहिल्या दळणात कच येते, ते पीठ खाऊ नका.

दळायला किलोभर ज्वारी किंवा गहू सोबत न्या. रिकामं जातं फिरवून ओव्या म्हणायला सांगणं ही नेहमीची चूक आहे. दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो, जात्याचा दगड झिजतो, आणि वैरण (मूठभर धान्य) घालताना मध्ये जो थांबा येतो तोही नाहीसा होतो. बायका त्या थांब्यात पुढची ओवी जुळवतात. खुंट्याला हात लागल्याशिवाय ओवी आठवत नाही, असं जवळजवळ प्रत्येक गायिका सांगते, आणि ते खरं आहे. खुर्चीवर बसवून ‘आजी, एक ओवी म्हणा’ म्हटलं की तीच ती चार-पाच ठरलेली कडवी येतात. जात्यावर बसल्यावर तासाभरात शंभर येतात.

शक्य असेल तिथे जोडीदारीण बोलावून घ्या. एकीने ओळ सोडली की दुसरी उचलते, एकीला भावाची ओवी आठवली की दुसरीला माहेरची आठवते. घरातले पुरुष आणि पोरंटोरं मात्र थोडा वेळ बाहेर असलेली बरी. समोर मुलगा बसला असेल तर सासुरवासाच्या ओव्या येतच नाहीत.

यंत्र आणि त्याची मांडणी

झूम किंवा टासकॅम कंपनीचा हातात मावणारा साधा रेकॉर्डर असेल तर उत्तम. तो वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर लावा. एका माइकचं तासाभराचं मुद्रण साधारण ५२० एमबी होतं, स्टिरिओ असेल तर त्याच्या दुप्पट. ३२ जीबीच्या कार्डवर स्टिरिओचे साधारण तीस तास बसतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी एमपी३ निवडू नका. एमपी३ करताना जे गाळलं जातं ते पुन्हा मिळत नाही.

फोनच वापरायचा असेल तर सोबत आलेलं रेकॉर्डिंग अ‍ॅप तपासा. बरीच अ‍ॅप्स बोलण्यासाठी बनवलेली असतात. ती जात्याची घरघर म्हणजे गोंगाट समजून कापायला जातात आणि त्या नादात गळाही पाण्याखालून आल्यासारखा होतो. वेव्हमध्ये साठवणारं आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणं बंद करू देणारं अ‍ॅप घ्या. आयफोनवर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये ‘लॉसलेस’ निवडा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमक्या चांगल्या ओवीत कॉल येतो.

आवाज आपोआप जुळवणारी सोय रेकॉर्डरवरही बंदच हवी. ती चालू असली की दोन ओव्यांच्या मधल्या शांततेत घरघर एकदम फुगते आणि गाणं सुरू झालं की दबते. असं मुद्रण नंतर सुधारता येत नाही. पातळी हाताने लावा: सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी. आवाज हळू वाटला तरी चालतो, २४ बिटमध्ये तो नंतर वाढवता येतो. शून्याला लागून फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. बायका पहिल्या दहा मिनिटांत लाजून हळू म्हणतात आणि मग गळा मोकळा सुटतो, त्यामुळे सुरुवातीला लावलेली पातळी एकदा तरी खाली आणावी लागतेच.

माइक जमिनीवर किंवा जात्याजवळ ठेवू नका. दगडाचा थरकाप जमिनीतून माइकमध्ये चढतो. शेणाने सारवलेल्या जमिनीत तो कमी असतो, शहाबादी फरशीवर फार. तिपाई दुमडलेल्या गोधडीवर उभी करा आणि माइक बसलेल्या गायिकेच्या हनुवटीच्या उंचीवर, तोंडापासून दीड-दोन फुटांवर, जरा बाजूला धरा. दोघी समोरासमोर बसल्या असतील तर स्टिरिओ रेकॉर्डर दोघींपासून सारख्या अंतरावर बाजूला ठेवा, म्हणजे एकीचा गळा डाव्या कानात आणि दुसरीचा उजव्या कानात येतो. नंतर लिहून काढताना कुठली ओळ कुणाची हे ओळखायला याचा फार उपयोग होतो. रेकॉर्डरवर खालचे सूर कापणारं बटण असतं, ते बंद ठेवा. घरघर हा ओवीचाच भाग आहे.

बांगड्यांचा आवाज येतो म्हणून बांगड्या काढायला सांगू नका. माइक थोडा वर घ्या, तेवढं पुरतं.

पंखा, फ्रीज, कूलर बंद करा, आणि फ्रीज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवा. वेळ पहाटेची किंवा दुपारी जेवणानंतरची चांगली. मुद्रण सुरू झालं की आधी स्वतः तारीख, गाव, गायिकेचं नाव आणि कितवी फाइल ते बोला. कागद हरवला तरी ही नोंद आवाजातच राहते. व्हिडिओ करत असाल तर त्याच वेळी एक टाळी वाजवा, नंतर चित्र आणि ध्वनी जुळवता येतात.

एकदा जात्यासह घेऊन झालं की त्यातल्या दहा-पंधरा ओव्या जातं थांबवून पुन्हा म्हणून घ्या. जात्यासोबतच्या मुद्रणात लय खरी मिळते, पण शब्द कधी दगडाखाली जातात. दुसऱ्या मुद्रणात शब्द स्वच्छ मिळतात. एक बाई बहुतेक वेळा शेकडो ओव्या एक-दोन गळ्यांवरच, म्हणजे चालींवरच म्हणते. म्हणून प्रत्येक चाल निदान एकदा सलग चार-पाच ओव्यांपर्यंत, न थांबवता घ्या.

काय नोंदवायचं

त्याच दिवशी, शक्यतो तिथेच बसून एका तक्त्यात भरायच्या गोष्टी या: गायिकेचं नाव (तिला हवं तसं; काहींना माहेरचं नाव लावायला आवडतं), अंदाजे वय, सासरचं गाव, माहेरचं गाव, तालुका आणि जिल्हा, ओवी कुणाकडून ऐकली, तारीख, मुद्रण कुठे झालं, सोबत कोण होतं, मुद्रण कुणी केलं, फाइलचं नाव, आणि काय प्रसिद्ध करायचं नाही.

माहेरचं गाव सगळ्यांत जास्त वेळा सुटतं आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. ओवी बाईसोबत लग्न करून जाते. साताऱ्यात मुद्रित केलेली ओवी सोलापूरकडची असू शकते, आणि भाषेतल्या खुणा त्याशिवाय उलगडत नाहीत. जातीची नोंद तिने स्वतःहून सांगितली आणि ठेवायला हरकत नाही म्हटलं तरच करा. काही ओव्यांचा अर्थच त्याशी जोडलेला असतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या कुठल्या वस्तीत जन्मल्या हे सांगितल्याशिवाय अपुऱ्या राहतात.

फाइलच्या नावात देवनागरी अक्षरं आणि मोकळ्या जागा टाळा, काही संगणकांवर आणि अपलोड करताना ती बिघडतात. नुसत्या आकड्यांची पद्धत सोपी पडते: वर्ष, महिना, दिवस, मग गावाचा क्रमांक, गायिकेचा क्रमांक, फाइलचा क्रमांक, मध्ये खालची रेघ. उदाहरणार्थ २०२५०११४_०३_०२_०१, फक्त आकडे इंग्रजी कळांवरून टाका. कुठला क्रमांक कुणाचा हे तक्त्यात. तक्ता एक्सेलमध्ये असेल तर त्याची एक प्रत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडून साठवा. साधं सीएसव्ही निवडलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

संमती

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार गाणाऱ्या व्यक्तीला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहेत आणि ते सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतात. ओवी परंपरेची असली तरी तो गळा तिचा आहे. त्यामुळे ‘लोकगीत आहे, कुणाचं थोडंच आहे’ हे उत्तर कायद्याला धरून नाही आणि माणुसकीलाही.

संमती मुद्रणाआधी घेतली की बाई सहसा ‘टाका की’ म्हणून मोकळी होते, कारण आपण काय गाणार हे तिलाही ठाऊक नसतं. म्हणून आधी फक्त मुद्रणाची परवानगी घ्या. गाणं झाल्यावर तिला सगळं ऐकवा आणि मग प्रसिद्धीचं विचारा. ओव्यांत दिराचं, जावेचं, नवऱ्याचं खरं नाव येतं, सासूने काय केलं ते येतं. ती सून आज स्वतः सासू आहे आणि तिच्या सुनेच्या हातात फोन आहे. ‘ही ठेवा, ही नको’ असं ती सांगेल तसं तक्त्यात लिहा. लेखी सहीसोबत तोंडी संमतीही मुद्रित करा. त्यात तीन गोष्टी साध्या मराठीत यायला हव्यात: हे जगात कुणालाही ऐकता येईल, नाव द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, नंतर मन बदललं तर आमच्या पानावरून काढू, पण तोवर कुणी उतरवून घेतलं असेल तर ते परत आणता येणार नाही.

शेतातला दिवस सोडून ती बसली असेल तर त्या दिवसाची मजुरी द्या. मानधन म्हणून द्या आणि आधीच सांगून द्या. यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळवायचा विचार असेल तर तोही संमतीच्या वेळीच बोला. माझ्या मते अशा संग्रहावर जाहिराती नसाव्यात.

घरातल्या जुन्या कॅसेटी

कित्येक घरांत आजीच्या ओव्यांची कॅसेट असते आणि आजी नसते. ती पटकन लावून बघू नका. आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवं मुद्रण होणार नाही. खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. कोकणातल्या कॅसेटींवर ती हमखास सापडते. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, फीत तुटते आणि बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. ती जाणकाराकडे द्या.

बाकीच्यांसाठी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कानकोरणीच्या कापसाने पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्या, त्याने फितीचा ताण सारखा होतो. डेकच्या ‘लाइन आउट’मधून संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला तार द्या. माइकच्या भोकात लावलं तर आवाज फाटतो. गळा बुजलेला वाटला तर हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवून बघा. दुसऱ्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटचा कोन जुळला की ‘स’, ‘श’ एकदम स्वच्छ होतात. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, हे काम घाईचं नाही. कव्हरवरची अक्षरंही फोटो काढून जपा, बहुतेक वेळा तेवढीच नोंद उरलेली असते.

लिहून काढणं

मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत काढा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रत्येक ओवीच्या सुरुवातीला कंट्रोल आणि बी दाबून खूण करा, खुणेत ओवीचा क्रमांक टाका, आणि शेवटी सगळ्या खुणा मजकुराच्या फाइलमध्ये निर्यात करा. कुठली ओवी कितव्या सेकंदाला, याची यादी आयती मिळते. गोंगाट कमी करायचाच असेल तर तो ऐकवायच्या प्रतीवर, तोही अगदी थोडा.

ओवी लिहिताना ती म्हणाली तसंच लिहा. ‘पानी’ म्हणाली तर ‘पाणी’ करू नका. गाताना अर्धी ओळ पुन्हा येते, मध्ये ‘गं बाई’ येतं, हेही एकदा पूर्ण लिहून ठेवा. मग दुसऱ्या रकान्यात प्रमाण लेखनातली प्रत द्या, कारण शोधणारा माणूस ‘पाणी’च टाइप करणार. तिसरा रकाना अडलेल्या शब्दांचा. अंदाजाने अर्थ लिहू नका, पुढच्या भेटीत तिलाच विचारा.

टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर दिसतो मराठी, पण शोधयंत्राला तो सापडत नाही. युनिकोडमध्येही एक खोच आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्ता असलेल्या ऱ ने, दुसरा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’ आणि ‘अ‍ॅ’चंही तसंच. चार जण लिहीत असतील तर कीबोर्ड एकच ठरवा, किंवा शेवटी ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळं एका प्रकारात आणा.

कुठे ठेवायचं

ठेवण्याची जागा आणि दाखवण्याची जागा वेगळ्या असाव्यात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा तिथल्या मराठी समूहांनी जमवलेलं कितीतरी लिखाण विखुरलं. समाजमाध्यम हे दाखवण्यासाठी आहे, साठवण म्हणून त्यावर विसंबू नये.

मूळ फाइल ठेवायला इंटरनेट आर्काइव्ह सोयीचं आहे. खातं मोफत आहे, वेव्ह किंवा फ्लॅक फाइल तशीच राहते आणि ऐकण्यासाठी एमपी३ प्रत ते स्वतः बनवतं. एका गायिकेची एक बैठक म्हणजे एक पान, असा हिशेब ठेवा. प्रत्येक ओवीचं वेगळं पान केलं तर पसारा होतो, सगळं गाव एका पानावर टाकलं तर सापडत नाही. पानाचा पत्ता ठरवताना दोनदा विचार करा, तो नंतर आपल्याला बदलता येत नाही. बाकी माहिती बदलता येते. नेट कमजोर असेल तर वेव्हची फ्लॅक करा, आकार बराच कमी होतो आणि आवाजातलं काही जात नाही.

विकिमीडिया कॉमन्सवर टाकलं तर विकिपीडियाच्या लेखांत ओवी ऐकवता येते, पण तिथे ‘व्यापारी वापर नको’ अशी अट चालत नाही. म्हणजे गायिकेला स्पष्ट सांगावं लागतं की कुणीही हे वापरून पैसे कमवू शकेल, नाव मात्र द्यावं लागेल, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. ती कचरली तर कॉमन्सवर टाकू नका. मराठी विकिस्रोत आधी छापल्या गेलेल्या आणि कॉपीराइट संपलेल्या संग्रहांसाठी आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी जमवलेल्या ओव्या २०११ पासून मोकळ्या आहेत. सरोजिनी बाबर २००८ मध्ये गेल्या, त्यांचे संग्रह स्कॅन करून टाकता येणार नाहीत.

लोक ऐकतात मात्र यूट्यूबवर. तिथे तासाभराची फाइल टाकून वर्णनात ओव्यांच्या वेळा लिहा. पहिली वेळ ०:०० असावी, निदान तीन वेळा असाव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा, मगच त्यांची प्रकरणं बनतात. मराठी उपशीर्षकं स्वतः बनवून चढवा. आपोआप बनणारी बोलीभाषेत फार चुकतात. वर्णनात आर्काइव्हच्या पानाचा दुवा द्या. गळा एखाद्या व्यावसायिक गाण्याशी जुळला तर हक्काचा दावा येऊ शकतो. घाबरून व्हिडिओ काढू नका, हरकत नोंदवा. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. मुद्रणाची तारीख आणि संमतिपत्रक इथे कामाला येतं.

गायिकेच्या घरी प्रत द्यायचीच. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ज्या घरात स्मार्टफोन नाही तिथे स्पीकरला लागेल असं मेमरी कार्ड द्या. ही प्रत ऐकून शेजारणी येतात आणि ‘यात एक राहिली’ म्हणतात. पुढची बैठक तिथूनच ठरते.

वर्षातून एकदा

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. पेनड्राइव्ह प्रत म्हणून मोजू नका. प्रत्येक फाइलचा एमडी५ किंवा एसएचए-२५६ अंक (फाइल जराही बिघडली की बदलणारी तपासणीची खूण) तक्त्यात ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या डिस्क जोडा, अंक पुन्हा काढून जुळवा, आणि प्रत्येक गायिकेची एक फाइल ऐका. डिस्क पाच वर्षांची झाली असेल तर चालू असतानाच नवीवर उतरवा.

त्याच वेळी तक्ताही बघा. गायिका आता नसेल तर तशी नोंद करा आणि घरच्यांना सांगून तिच्या पानावर वर्ष घाला. तिने ‘नको’ म्हटलेल्या ओव्या तिच्यामागे घरच्यांनी मागितल्या तर काय करायचं, हे संमतिपत्रकात आधीच तिच्याकडून लिहून घ्या. लिहून घेतलं नसेल तर त्या बंदच ठेवा.